उत्तर देणारे यंत्र आणि कंपनीचे दप्तर

मृगाचा पाऊस तोंडावर आला की भीमेच्या दोन्ही तीरांवरील शेतकऱ्यांपुढे तेच प्रश्न दरवर्षी नव्याने उभे राहतात. उत्तरेस शिरूर तालुक्यात बाजरीचे बी कोणते घ्यावे आणि खरीप कांद्याचे रोप केव्हा टाकावे. दक्षिणेस दौंड तालुक्यात आडसाली उसाची लागण केव्हा करावी आणि कालव्याखालील पांढऱ्या पडलेल्या जमिनीचे काय करावे. पूर्वी या प्रश्नांची उत्तरे चावडीवर, आठवड्याच्या बाजारात किंवा सरकारी कामगाराच्या भेटीत मिळत. २१ जानेवारी २००४ पासून केंद्र सरकारच्या किसान कॉल सेंटरमार्फत १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर ती विनामूल्य मिळू लागली. आता तर शेतकऱ्याच्या खिशातील फोनच मराठीत उत्तर देऊ लागला आहे.

शासनानेही या साधनाची दखल घेतली आहे. महाराष्ट्राच्या कृषी विभागाने मे २०२५ मध्ये ‘महाविस्तार’ हे ॲप सुरू केले. त्यात हवामान, बाजारभाव व पीकसल्ला यांबरोबरच मराठीत प्रश्नांची उत्तरे देणारा कृत्रिम बुद्धिमत्तेचा सहायक आहे. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने २०२५ ते २०२९ या काळासाठी ‘महाॲग्री-एआय’ धोरणास मान्यता दिली व त्यासाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद ठरविली. १ फेब्रुवारी २०२६ रोजी मांडलेल्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘भारत-विस्तार’ ही बहुभाषी योजना जाहीर झाली. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या पीकपद्धतीविषयक शिफारशी अशा यंत्रणेशी जोडणे हा त्या योजनेचा गाभा आहे.

यांतील ‘जोडणे’ या शब्दाकडे जाणत्या शेतकऱ्याने विशेष लक्ष द्यावयास हवे. यंत्र हुशार आहे किंवा नाही, याची चर्चा सर्वत्र होते. त्याच्या हाती कोणते कागद दिले आहेत, ते कोणी तपासले आणि केव्हा तपासले, याची चर्चा मात्र क्वचितच ऐकू येते. वस्तुतः शेतकऱ्याचे हित वा अहित याच दुसऱ्या गोष्टीवर अवलंबून आहे.

कंपनी आणि तिचे दप्तर

१९५६ च्या कंपनी कायद्यात २००२ साली झालेल्या दुरुस्तीने दहा किंवा अधिक उत्पादकांना एकत्र येऊन उत्पादक कंपनी स्थापन करता येऊ लागली. तेव्हापासून पुणे जिल्ह्यातही शेतकरी उत्पादक कंपन्यांचा प्रसार झाला आहे. कोणी कांद्याची प्रतवारी करून विकते, कोणी सभासदांना बी-बियाणे व खते पुरविते, कोणी अवजारे भाड्याने देते. या व्यवहारात कंपनीजवळ कागद साठत जातात. माती परीक्षणाचे अहवाल, कृषी विद्यापीठाच्या शिफारशींची पत्रके, औषध फवारणीची कोष्टके, कांदा चाळीची मापे, संचालक मंडळाचे ठराव, खरेदीचे नियम आणि सभासदांना पाठविलेल्या सूचना, असे ते दप्तर असते. बहुधा त्यातील काही कपाटात, काही संगणकात आणि काही चिटणिसाच्या फोनमध्ये पडलेले असते.

असे दप्तर एके ठिकाणी आणून अनेकांना वाचता व सुधारता येईल अशा रीतीने संगणकावर ठेवले, तर त्यास ‘विकी’ म्हणतात. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञांनी १९९५ साली अशी पहिली वही सर्वांसाठी खुली केली. विकी या शब्दाचा हवाई भाषेतील अर्थ ‘त्वरित’ असा आहे. त्वरित लिहिता येणे हा तिचा गुण खरा. परंतु त्वरित लिहिलेले पुन्हा कोणी उघडून पाहिले नाही, तर ते तसेच जुने होत पडून राहते. उत्तर देणारा सहायक या वहीस जोडला की सभासदाने फोनवर विचारावे आणि कंपनीच्या स्वतःच्या दप्तरातून त्यास उत्तर मिळावे, ही सोय आज अशक्य राहिलेली नाही. तिचा मोह पडणे स्वाभाविक आहे, आणि तो सर्वस्वी अयोग्यही नाही.

जोडणी कशी होते

कृत्रिम बुद्धिमत्तेचा सहायक मुळात जगभरच्या लिखाणावर पोसलेला असतो, आणि त्या लिखाणाचा मोठा भाग इंग्रजीत असतो. त्यामुळे कांदा या पिकाविषयी तो पुष्कळ बोलू शकतो. परंतु पाबळ-केंदूरच्या कोरडवाहू माळावरील कांदा आणि मांडवगण फराट्याच्या नदीकाठचा कांदा यांतील भेद त्यास ठाऊक असण्याचे कारण नाही. ही उणीव भरून काढण्यासाठीच त्यास दप्तर जोडावयाचे.

जोडणी करताना दप्तरातील प्रत्येक कागदाचे लहान लहान तुकडे पाडले जातात आणि प्रत्येक तुकड्याचा आशय आकड्यांच्या रूपाने नोंदविला जातो. प्रश्न आला की त्याच्या आशयाशी जवळचे तुकडे शोधून ते सहायकापुढे ठेवले जातात, आणि त्यांवरून तो उत्तर रचतो. एखाद्या नव्या कारकुनाने कपाटातून चार कागद काढावेत आणि त्यांवरून पत्र लिहावे, तसाच हा प्रकार होय. फरक इतकाच की कारकुनास शंका आली तर तो जुन्या माणसास विचारतो. यंत्रास ती शंका आपण होऊन येईलच असे नाही. आणि सदोष कागदावरून दिलेले उत्तरही ते तितक्याच सफाईदार मराठीत देते. ऐकणाऱ्याने भाषेच्या सफाईवर विश्वास ठेवला, तर फसण्याचा संभव आहे.

दोष कोठे शिरतो

हा संभव कसा निर्माण होतो, ते दोन्ही तालुक्यांतील नित्याच्या व्यवहारातून पाहणे उपयुक्त ठरेल.

पहिले उदाहरण कांद्याचे. बसवंत ७८० हे वाण खरिपासाठी आणि एन-२-४-१ हे वाण रब्बीसाठी शिफारस केलेले आहे. रब्बीचा कांदा चाळीत काही महिने टिकतो, खरिपाचा टिकत नाही. दप्तरातील पत्रकावर हंगामाचा उल्लेख केवळ मथळ्यात असेल आणि तुकडे पाडताना मथळा एकीकडे व मजकूर दुसरीकडे गेला, तर ‘चांगला टिकणारा कांदा कोणता’ या प्रश्नास सहायक एन-२-४-१ असे उत्तर देईल. उत्तर खरे आहे. पण विचारणारा जूनमध्ये रोप टाकावयास निघालेला असेल, तर तेच उत्तर त्याचा हंगाम घालवू शकते.

दुसरे उदाहरण उसाचे. आडसाली उसाची लागण १५ जुलै ते १५ ऑगस्ट, पूर्वहंगामी उसाची १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर आणि सुरू उसाची १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी या काळात करावी, अशी शिफारस आहे. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या सर्वसाधारण शिफारशीनुसार आडसाली उसास हेक्टरी ४०० किलो नत्र, तर सुरू उसास २५० किलो नत्र द्यावयाचे असते. खताचे कोष्टक त्याच्या शीर्षकापासून तुटले, तर हा १५० किलोंचा फरक कोणाच्याही ध्यानात येणार नाही. शिवाय शिफारशी हेक्टरी दिलेल्या असतात, आणि शेतकरी एकराचा व गुंठ्याचा हिशेब धरून विचारतो. हेक्टरचे आकडे एकरासाठी वापरले गेले, तर खत अडीचपट पडते. त्यात पैसा जातो, आणि जमीनही बिघडते.

तिसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. उसातील हुमणीच्या बंदोबस्तासाठी जुन्या पत्रकांत फोरेट या दाणेदार कीटकनाशकाची शिफारस सर्रास आढळते. केंद्र सरकारने २०१८ साली काढलेल्या आदेशाने फोरेटचा वापर ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाला आहे. माणसाच्या कपाटातील पत्रक जुने झाले की त्यावर धूळ बसते, कागद पिवळा पडतो, आणि पाहणारा सावध होतो. संगणकात मात्र पंधरा वर्षांपूर्वीचा कागद आणि कालचा कागद सारखेच कोरे दिसतात. जुने पत्रक काढून टाकले नाही, तर बंदी असलेल्या विषाचा सल्ला कंपनीच्या नावाने सभासदाच्या घरी पोचेल.

परंतु येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. जुने ते सर्व टाकाऊ, असा नियम करून चालणार नाही. वळवाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब व बाभळीवर जमणारे हुमणीचे भुंगेरे गोळा करून मारावेत, हा सल्लाही त्याच जुन्या पत्रकांत असतो, आणि तो आजही तितकाच खरा आहे. तेव्हा केवळ तारीख पाहून कागद निवडता येत नाही. एकाच पानावरील एक ओळ रद्द करावयाची आणि दुसरी राखावयाची, हे काम पीक जाणणाऱ्या माणसाचेच आहे.

चौथे उदाहरण जमिनीचे. दौंड तालुक्यात कालव्याच्या व नदीच्या पाण्याखालील काही जमिनी वर्षानुवर्षांच्या बेसुमार पाण्याने बिघडतात, ही गोष्ट शेतकऱ्यांच्या परिचयाची आहे. शेतकरी ‘जमीन फुटली’ किंवा ‘पांढरी पडली’ असे म्हणतो. परंतु खारवट जमीन निराळी आणि चोपण जमीन निराळी. खारवट जमिनीस चर काढून निचरा करणे व चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढणे हा उपाय आहे. चोपण जमिनीस निचऱ्याबरोबर जिप्समची आवश्यकता असते. जमिनीचा सामू व त्यातील विनिमययोग्य सोडियमचे प्रमाण तपासल्यावाचून या दोहोंतील भेद निश्चित होत नाही. ‘जमीन पांढरी पडली, काय टाकू’ असे विचारताच सहायकाने जिप्समचे पोते सुचविणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे होय. अशा वेळी ‘प्रथम माती तपासून घ्यावी’ एवढेच सांगणे हे त्याचे योग्य उत्तर, आणि दप्तरात ते स्पष्ट शब्दांत लिहिलेले असावे लागते.

शेवटी भाषेचा प्रश्न. वाफसा हा शब्द मराठी शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यातला आहे. जमिनीत ओल आणि हवा यांचा मेळ बसून मशागतीस व मुळांस योग्य अशी जी स्थिती येते, तिचे हे नाव. परक्या भाषेच्या वाटेने गेलेल्या यंत्रास वाफसा म्हणजे केवळ ओलावा वाटला, तर पाणी केव्हा द्यावे या प्रश्नाचे उत्तरच फिरते. म्हणून वाफसा, चोपण, रांगडा कांदा, पीळ पडणे, खोडवा, निडवा यांसारख्या शब्दांचा अर्थ सांगणारे एक पान प्रत्येक कंपनीच्या वहीत आरंभीच असावे.

दोन आक्षेप

यावर काहींचे म्हणणे असे पडते की, इतकी खटपट करण्यापेक्षा यंत्राच्या नादी न लागणेच बरे. गावात सहायक कृषी अधिकारी आहेत, त्यांना विचारावे. या म्हणण्यात तथ्य आहे. शेतात उभे राहून पान उलटून पाहणाऱ्या माणसाची जागा कोणतेही यंत्र घेऊ शकत नाही. परंतु एका माणसाकडे अनेक गावे असतात, आणि रोग येतो तो सर्व गावांत एकाच आठवड्यात. रात्री आठ वाजता धार काढून घरी आलेल्या स्त्रीला दुसऱ्या दिवशीच्या फवारणीविषयी विचारावयाचे असेल, तर तिने कोणाकडे जावे? नित्याच्या व ठरावीक प्रश्नांची उत्तरे यंत्राने दिली, तर अधिकाऱ्यांचा वेळ बांधावर जाण्यास मोकळा राहील. यंत्राचा हा लाभ नाकारण्याचे कारण नाही.

दुसरा पक्ष उलट बोलतो. त्याच्या मते दप्तर निवडण्याची आवश्यकता नाही. सर्व कागद एकदम यंत्रास द्यावेत, नवे-जुने ते आपोआप ओळखील. हा पक्ष अधिक घातक आहे, कारण तो आळसास विज्ञानाचे नाव देतो. ज्या कागदावर तारीख नाही, तो कोणत्या सालचा हे यंत्र कोठून सांगणार? दोन पत्रकांत दोन मात्रा लिहिल्या असतील, तर कंपनीस कोणती मान्य आहे हे कंपनीनेच ठरविले पाहिजे. बी पेरण्यापूर्वी ते निवडावे लागते, हे शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको. दप्तराचेही तसेच आहे.

काय करावे

ज्या कंपनीस असा सहायक जोडावयाचा असेल, तिने आधी एक उन्हाळा दप्तरासाठी द्यावा. त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात.

एक माणूस दप्तरदार म्हणून नेमावा. दप्तर सर्वांचे असले की ते कोणाचेच राहत नाही. दप्तरदाराने कागदांचे तीन ढीग करावेत: चालू, रद्द आणि संशयित. संशयित कागद कृषी अधिकाऱ्यास किंवा कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञास दाखविल्यावाचून यंत्रापुढे ठेवू नयेत. रद्द कागद निराळ्या कपाटात जपून ठेवावेत. ते इतिहासाच्या कामी येतील, सल्ल्याच्या नव्हे.

प्रत्येक पानाच्या माथ्यावर पीक, हंगाम, जमिनीचा प्रकार, शिफारस करणारी संस्था, तपासणीची तारीख व तपासणाराचे नाव लिहावे, आणि कोष्टक असेल तर हंगामाचे नाव त्याच्या प्रत्येक ओळीत पुन्हा लिहावे. मात्रा हेक्टरी व एकरी अशा दोन्ही प्रकारे द्याव्यात. दरवर्षी खरिपापूर्वी व रब्बीपूर्वी ही पाने पुन्हा तपासावीत.

सहायकाने प्रत्येक उत्तराखाली ते कोणत्या पानावरून दिले व त्या पानाची तारीख कोणती, हे सांगितलेच पाहिजे, अशी अट यंत्र पुरविणाराशी करार करतानाच घालावी. दप्तरात उत्तर नसेल, तर ‘या दप्तरात याची नोंद नाही, अमुक अधिकाऱ्यास विचारावे’ असे त्याने सांगावे. माहिती नसता उत्तर देण्यापेक्षा हे अधिक उपकारक आहे. विषारी औषधांच्या बाबतीत तर ही अट कधीही शिथिल करू नये.

सभासदांचे खाजगी कागद निराळे ठेवावेत. कोणाचे किती कर्ज आहे, कोणाचा सातबारा कसा आहे, कोणाच्या मालास काय भाव मिळाला, हे शेजाऱ्याने विचारताच यंत्राने सांगून टाकले, तर कंपनीवरील विश्वास एका दिवसात नाहीसा होईल. संसदेने २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आहे. परंतु कायदा नसता तरी गावच्या व्यवहारात ही मर्यादा पाळणे आवश्यकच होते.

सहायक सर्वांसाठी खुला करण्यापूर्वी गावातील चार जाणत्या शेतकऱ्यांनी, त्यांत स्त्रियाही असाव्यात, त्यास आपल्या बोलीत पन्नास प्रश्न विचारावेत आणि उत्तरे तपासावीत. पुढेही चुकलेल्या उत्तरांची एक वही ठेवावी. ज्याने चूक दाखविली त्यास कंटाळवाणा न समजता त्याचे आभार मानावेत, कारण तोच त्या दप्तराची खुरपणी करीत असतो.

मागे काय राहते

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वी व त्याही आधी तेथे शेतकऱ्यांची वस्ती होती. ते सातू पिकवीत, धान्याचा साठा करीत, आणि पाण्यासाठी त्यांनी पाट काढला होता, असे त्यात आढळून आले. त्यांनी काय पेरले ते जळालेल्या दाण्यांवरून कळते. कोणत्या नक्षत्रावर पेरले, पाणी कमी पडले त्या साली काय केले आणि कोणती चूक करून काय शिकले, हे मात्र कळण्यास आज काहीही मार्ग नाही. त्यांच्याजवळ लिहून ठेवण्याचे साधन नव्हते.

आजच्या शेतकऱ्याजवळ ते साधन आहे. तरीही चाळीस वर्षे कांदा पिकविलेला शेतकरी निवर्ततो, वीस वर्षे एका तालुक्यात फिरलेला अधिकारी निवृत्त होतो, आणि त्यांच्या अनुभवाची एक ओळही कोणत्या वहीत सापडत नाही. उत्तर देणाऱ्या यंत्राच्या निमित्ताने शिरूर-दौंडच्या कंपन्यांनी आपले दप्तर नीट केले, त्यात विद्यापीठाच्या शिफारशींशेजारी आपल्या शिवारातील अनुभव तारीख घालून लिहिला, तर यंत्र उद्या बदलले तरी ते दप्तर पुढील पिढीच्या उपयोगी पडेल. तशी वही नसता यंत्र आणणाऱ्या कंपनीस त्यापासून मिळेल ते एवढेच, की आजवर कपाटात पडून असलेली चूक सभासदांच्या शेतापर्यंत लवकर पोचेल.

खरिपास अजून अवकाश असेल त्या गावांनी प्रथम कपाट उघडावे. यंत्राची खरेदी त्यानंतर करता येईल.